पोटावर ठेवायचा हात

सेलुवायाला फोन आला तेव्हा ती चर्चमधून नुकतीच घरी येऊन रीतीप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई सोडत होती. पलीकडून कालोलाइने बोलत होती, तिच्या भाचीची सासू.

“विहीणबाई, तुम्हाला यावं लागतंय. एलेनोआच्या पोटात दुखतंय. काल दुपारपासून नुसती लोळतेय.”

“मग मला कशाला फोन? आठवा महिना लागलाय पोरीला. गाडीत घाला आणि इस्पितळात न्या.”

“तसलं दुखणं नाही हो ते.” कालोलाइनेचा आवाज खाली आला. “मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळतंय. तुम्ही या, पोटावर हात ठेवा, एक शब्द बोला. बस्स.”

सेलुवायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल दुपारपासून! म्हणजे पोर रात्रभर तळमळत होती, आणि ही बाई वाट बघत बसली होती ती कशाची, तर आत्याबाईंच्या हाताची.

आमच्या टोंगा बेटांवर बापाची थोरली बहीण म्हणजे घरादारावरची राणी. लग्न असो की मयत, ती सगळ्यांच्या वर बसणार. सगळ्यात बारीक विणीची चटई तिच्या घरी जाणार, डुकराचा पाठीकडचा तुकडा तिच्याच पुढ्यात येणार. भावाची पोरं तिच्यासमोर मान वर करत नाहीत. आणि तिचं मन कुणी दुखावलं तर भाचीचं बाळंतपण अडतं, हे पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. मग आत्याला बोलवायचं, तिनं पोटावर हात ठेवून माफ केलं म्हणायचं, की झाली सुटका. सेलुवायानं हा मान जन्मभर खाल्ला होता. तिच्या घरात चटयांची चळत छपराला टेकली होती. खाताना तिला कधी ठसका लागला नाही, हेही खरंच. तो आज लागला.

चटई तशीच अर्धी सुटलेली, तिनं आपला जुना पिकअप बाहेर काढला. रविवारचं आमच्याकडे कुणी काम करत नाही, गाडी हाकणंही शहाण्यासुरत्या बाईला शोभत नाही. त्यात आज लहान मुलांचा रविवार. गावोगावची पोरं पांढऱ्या कपड्यांत, तेल थापून, बायबलातली वचनं घोकत रस्त्याच्या कडेनं चालली होती. सेलुवाया भोंगा वाजवत त्यांच्यामधून निघाली. एका गावच्या पाद्र्यानं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिनंही वटारले.

कालोलाइनेच्या अंगणात उमू नुकताच उघडला होता. मातीतल्या त्या भट्टीतून लूच्या, अळूच्या पानांत बांधलेल्या मांसाच्या, पुड्या निघत होत्या, नारळाच्या दुधात आणि चरबीत निथळत. मेंढीच्या फासळ्यांची ताटं लागली होती. अर्धं गाव जेवायला टेकलं होतं, आणि ज्या सुनेनं काल दुपारपर्यंत उभं राहून हे सगळं रांधलं ती आतल्या खोलीत चटईवर मुटकुळं करून पडली होती.

सेलुवाया आत गेली आणि दारातच थबकली. एलेनोआचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. डोळ्यांच्या कडा पिवळट. गुडघे पोटाशी, कपाळ जमिनीला, आणि शेजारच्या परातीत हिरवी उलटी. तीन पोरी झाल्या तिला, तिन्ही पोट फाडून. पण कधी अशी दिसली नव्हती.

“तेल लावून चोळलं मी,” कालोलाइने मागून म्हणाली. “जुने टाके ओढत असतील म्हटलं. मागच्या वेळीही ओढायचे. पण हे काही उतरेना. तुम्ही काल आला असतात तर—”

“आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! काल मला बोलावलं कुणी?”

“काल पोरींची तालीम होती चर्चमध्ये.”

खोलीत पाचसहा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्यांचे डोळे सेलुवायाच्या उजव्या हाताकडे. जणू त्या हाताला औषधाची बाटली बांधली होती.

“ठेवा ना,” कालोलाइने म्हणाली. “माफ केलं म्हणा.”

“काय माफ करू? हिनं माझं वाकडं काय केलंय?”

“ते तिचं तिला ठाऊक. काही केल्याशिवाय का दुखतं?”

एलेनोआनं डोळे घट्ट मिटले. ते मिटणं सेलुवायाला आवडलं नाही. पण आत्ता त्याचा कीस काढायला वेळ नव्हता. ती दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

“नाही करत माफ.”

बायका सावरून बसल्या. एकीनं तोंडावर हात नेला.

“इथं नाही करत. ह्या घरात मी तिच्या अंगाला बोट लावणार नाही. इस्पितळातल्या खाटेवर निजवा, मग बघू काय ते. फिनाऊ कुठाय? कुठाय तो नवरोबा?”

फिनाऊ पुरुषांच्या घोळक्यात कावा, ते मुळ्या कुटून केलेलं पेय, पीत बसला होता. त्याला कुणीतरी हाक मारून आणलं. धिप्पाड गडी, पण आईपुढे आणि आत्यासासूपुढे त्याची मान गळून छातीला टेकायची.

“उचल बायकोला,” सेलुवाया म्हणाली.

“आत्या, जेवणं व्हायचीत, पाद्री आलेत—”

“जावईबापू, पाद्री काही उपाशी मरत नाही. उचल!”

त्यानं उचललं. एलेनोआला पुढच्या सीटवर ठेवलं, तशी तिच्या तोंडातून जे ओरडणं आलं ते ऐकून अंगणातली पंगत क्षणभर गप्प झाली. फिनाऊ आणि कालोलाइने मागच्या उघड्या हौद्यात बसले. कालोलाइनेनं चर्चची टोपी एका हातानं धरली होती. “हळू हाका हो!” असं ती काच ठोकून सांगत होती, आणि सेलुवाया मुद्दाम ऐकत नव्हती.

वाटेत एलेनोआ कुजबुजली, “आत्या, मी सांगते. मीच केलंय.”

“काय केलंयस बाई?”

“बाबा गेले तेव्हा.” दम लागून ती थांबली. “तुम्ही माझे केस कापत होतात.”

बाप गेला की पोरींचे केस आत्यानंच कापायचे, ही आमची रीत. सेलुवायाला तो दिवस आठवला. धाकटा भाऊ समोर चटयांवर निजलेला, आणि हातातली कात्री बोथट. रडता रडता तिनं कशीबशी कापाकापी केली होती.

“ओढले गेले केस. फार दुखलं. आणि मी मनात तुम्हाला शिवी दिली. म्हटलं, हात झडो म्हातारीचा.”

सेलुवायाला आधी हसूच आलं. “एवढंच? अगं, माझ्या आत्यानं माझे कापले तेव्हा मी हात, पाय, दात, सगळंच झडो म्हटलं होतं! माझा तर एक कान कापला होता तिनं.”

एलेनोआ हसली नाही. “म्हणून दुखतंय. तेव्हापासूनच.”

“तेव्हापासून म्हणजे? कालपासून दुखतंय ना तुला?”

“धाकटी लेसिएली झाली आणि पाठोपाठ बाबा गेले, त्यानंतर सुरू झालं. जेवलं की. इथे वर, बरगड्यांच्या खाली. मग पाठीत जातं. फासळ्या खाल्ल्या की जास्त. थोड्या वेळानं राहायचं.”

“धाकटी चालायला लागली की गं! आणि तू कुणाकडे बोलली नाहीस?”

“कशी बोलू? दुखतंय म्हटलं की पहिला प्रश्न हाच, आत्याला काय केलंस. सासूबाई विचारणार, मग पाद्री विचारणार, मग अख्खं गाव. मग तुमच्या दारात चटया घेऊन यायचं आणि सांगायचं की मी शिवी दिली. बाबांच्या मयतात!” तिनं ओठ चावला. “त्यापेक्षा दुखलेलं बरं.”

सेलुवायानं नजर रस्त्यावरच ठेवली. बोलायला गेली असती तर तिनं त्या पोरीला गाडीतच झोडपलं असतं, किंवा गाडी थांबवून गळा काढला असता. वर्ष उलटून गेलं, पोर जेवणानंतर वळचणीला जाऊन पोट दाबून बसतेय, आणि का, तर ह्या म्हातारीचा मान! असल्या मानाला आग लागो. तिनं पाय दाबला आणि गाडी जेवढी पळत होती तेवढी पळवली.

इस्पितळाच्या दारात एलेनोआला उतरवलं तेव्हा सीटवर रक्ताचा डाग होता.

डॉक्टर कोलो म्हणजे चाळिशीची बाई, केस मागे घट्ट बांधलेले, बोलणं तुटक. तिनं पोटावर बोटं ठेवली आणि विचारलं, “कुठं दुखतं?”

“मी आत्यांना सगळं सांगितलंय, डॉक्टर,” एलेनोआ म्हणाली.

“मी कुठं ते विचारतेय. का ते मी बघते.”

बाईनं तपासलं, रक्त घेतलं, यंत्र फिरवलं, दोन ठिकाणी फोन केले. मग ती बाहेर आली. बाहेर बाकावर फिनाऊ, कालोलाइने आणि सेलुवाया. डॉक्टर उभ्यानंच बोलली.

“दोन भानगडी आहेत, आणि दोन्ही एकदमच उठल्यात. पित्ताशयात खडे झालेत. त्यातला एक घसरून नळीच्या तोंडाशी अडकला असावा. स्वादुपिंडातून जो रस येतो तो अन्न पचवायला असतो. त्याची वाट बंद झाली, आणि आता तो तिचंच स्वादुपिंड पचवतोय. तिला दुखतंय ते हे. हे माणूस मारतं. काल आणली असती तर माझ्या हातात जास्त काही होतं.”

“काल—” फिनाऊ म्हणाला आणि त्यानं आईकडे बघितलं.

“आता दुसरं. तीन वेळा एकाच जागी कापलंय. ह्या खेपेची वार त्या जुन्या व्रणावर बसलीय, अगदी खाली, आणि आत रुतलीय. मुळं गेल्यासारखी. ती ओढायला गेलं तर रक्त थांबवता येणार नाही. रक्त सुरू झालंच आहे. पोट कुणी चोळलं होतं?”

कालोलाइनेनं टोपी मांडीवर घेतली. “जरासं तेल...”

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं आणि पुढे बोलली. “बाळ आत्ताच्या आत्ता काढायचं. वारेला हात न लावता गर्भाशय सगळंच काढायचं. दुसरा रस्ता नाही.”

“सगळंच?” कालोलाइने उठली. “अहो, तीन मुलीच आहेत तिला! फिनाऊ माझा थोरला. ह्या खेपेलाही मुलगी झाली तर?”

“आई,” फिनाऊ म्हणाला.

“काय आई? विचार त्यांना! एवढ्या वेळी शिवून टाका म्हणावं. पुढच्या वेळचं पुढच्या वेळी बघू.”

“पुढची वेळ नाहीये,” डॉक्टर म्हणाली. “तिसऱ्या वेळीच मी सांगितलं होतं, चौथं नको. तरी झालं. मग यंत्रावर वार दिसली तेव्हा सांगितलं, सातवा संपला की इथं येऊन राहा, इस्पितळाच्या जवळ. आल्या नाहीत. का नाही आल्या?”

सेलुवाया हे पहिल्यांदा ऐकत होती. तिनं कालोलाइनेकडे पाहिलं, मग फिनाऊकडे. दोघांना माहीत होतं. आणि आत्याला, जिला डुकराचा पाठीकडचा तुकडा दर खेपेला बिनचूक पोचतो, तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

“नातींचं पाठांतर होतं,” कालोलाइने म्हणाली. “मुलांच्या रविवारचा स्वयंपाक कोण करणार? मला एकटीला झेपत नाही आता.”

“आणि तिला झेपतंय?” सेलुवायाचा आवाज कॉरिडॉरभर घुमला. एक नर्स दारातून डोकावली. “आठव्या महिन्यात, पोटात खडे, खाली वार रुतलेली, आणि तिच्याकडून तुम्ही मेंढ्याच्या फासळ्या शिजवून घेतल्यात! मग दुखायला लागलं तर म्हणे आत्या रुसली! मी रुसले? मला विचारलंत कधी रुसले का म्हणून? तुमच्या हेळसांडीचं खापर माझ्या डोक्यावर, आणि वरून मलाच बोलावता, येऊन हात ठेवा! लाज कशी वाटत नाही?”

“विहीणबाई, लोक ऐकतायत.”

“ऐकू दे! ऐक रे फिनाऊ. मान गाळू नकोस, वर बघ. आत्याच्या शापाला भिता ना तुम्ही? आजवर मी कुणाला शाप दिला नाही. आता देते. ही डॉक्टरबाई म्हणते ते तू करू दिलं नाहीस, तर एलेनोआच्या प्रेताजवळ मी बसेन, आणि तुझ्या घरातलं एक बाळंतपण सुखानं होऊ देणार नाही. तुझ्या बहिणींचं नाही, तुझ्या पोरींचं नाही!”

बोलली आणि तिची तिलाच शिसारी आली. त्या पोरींनी काय घोडं मारलं होतं? पण फिनाऊचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो पुटपुटला, “काढा. काढा सगळं.”

“तुमची परवानगी मला नको आहे,” डॉक्टर म्हणाली.

तिघंही तिच्याकडे बघत राहिले.

“तुमची नको, तुमच्या आईची नको आणि आत्याबाई, तुमचीही नको. मलाही आत्या आहेत, चांगल्या चार आहेत. बाई शुद्धीवर आहे. मी तिला विचारायला चाललेय. बरोबर यायचं असेल तर या, पण आरडाओरडा आत नको.”

सेलुवाया मागोमाग गेली. आपल्याला कुणीतरी कान धरून बाजूला उभं केलंय असं तिला वाटलं. आणि गंमत म्हणजे राग आला नाही.

एलेनोआच्या नाकात नळी होती, हातात सुई. डॉक्टर खाटेशी वाकली आणि सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, काही न गाळता. ह्यात बाळ वाचेल बहुतेक. ती स्वतः वाचेल असं वचन देता येत नाही. पुन्हा मूल होणार नाही. शेवटी तिनं विचारलं, “काय करू?”

एलेनोआनं मान वळवून सेलुवायाकडे पाहिलं. “आत्या म्हणतील तसं.”

“आत्याच्या पोटात आहे का गं तुझं गर्भाशय?” सेलुवाया म्हणाली. आवाज दाबून बोलायचं म्हणून तो फाटला. “आत्या काही म्हणत नाही. आत्या मुकी झालीय. आयुष्यभर सगळ्यांनी तुझ्यावतीनं बोलून घेतलंय, मीसुद्धा आत्ता बाहेर गावभर बोलून आले. तू बोल.”

“मी चुकीचं बोलले तर?”

“तर चुकीचं बोललीस! चुकीचं बोलून कुणाचं पोट दुखत नाही. दुखतं ते खड्यानं. ह्या बाईनं बघितलाय तो.”

एलेनोआनं छताकडे बघितलं. डॉक्टरनं घाई केली नाही, जरी तिचा पाय जमिनीवर हलत होता.

“मला तिसऱ्या वेळीच नको होतं,” एलेनोआ म्हणाली. “कुणी विचारलंच नाही. काढा. पुरे झालं मला.”

तिला नेलं. थोड्या वेळानं नर्स बाहेर आली, रक्त कमी पडेल म्हणाली. तोवर गावाकडची माणसं दोन गाड्या भरून येऊन पोचली होती, आणि येताना काय आणलं होतं? चटया! आत्याची माफी मागायला चार चटया आणि झाडाच्या सालीच्या कापडाचा गठ्ठा. कालोलाइनेनं निरोप धाडला होता. सगळे सेलुवायापुढे मांडी घालून बसायला लागले.

“उठा,” ती म्हणाली. “मान द्यायला आलात ना? बाह्या वर करा. सिस्टर, ह्या सगळ्यांचं रक्त तपासा. त्या जाड्यापासून सुरुवात करा, त्याच्यात भरपूर असेल.”

सगळे निमूट रांगेत उभे राहिले. आत्याची आज्ञा! फिनाऊ सगळ्यात पुढे होता. त्याचं रक्त जुळलं, आणि तो रडत रडत ते देऊन आला. कालोलाइने बाकाच्या टोकाला बसून होती. तिलाही नर्सनं विचारलं, तर ती म्हणाली, मला नाही देता येणार, माझी तब्येत बरी नसते. सेलुवायानं तोंड फिरवलं.

मुलगी झाली. मुठीएवढी, काचेच्या पेटीत ठेवली. आईचं रक्त थांबता थांबेना, शेवटी थांबलं. मग ताप चढला. स्वादुपिंडाची आग तर आठवडे पुरली. तिला तोंडानं पाण्याचा घोटही नव्हता, पोटातून नळ्या निघालेल्या, आणि दोनदा डॉक्टरनं माणसं बोलावून घ्या म्हणून सांगितलं. सेलुवाया दोन्ही वेळा खाटेशी बसली. हात मात्र तिनं पोटावर ठेवला नाही. पायावर ठेवला. पायाला कुणी औषध मानत नाही.

पोर तगली. मग पुढे खड्यांसकट पित्ताशयही काढलं. घरी आली तेव्हा तिचे कपडे तिच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसत होते. पण आली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. चर्चमध्ये पाद्र्यानं आत्याच्या माफीबद्दल देवाचे आभार मानले! डॉक्टरचं नाव नाही, रक्ताचं नाव नाही. एका शनिवारी कालोलाइने मिरवणुकीनं सेलुवायाच्या दारात हजर. पुढे भाजलेलं डुक्कर, मागे चटया, त्यांच्या मागे बायका, आणि सगळ्यात शेवटी एलेनोआ, कडेवर ती मुठीएवढी मुलगी.

ओटीवर सगळ्या बसल्या. कालोलाइनेनं मान खाली घालून रीतीचं बोलणं सुरू केलं. “आमच्या सुनेचा अपराध तुम्ही पोटात घातलात. तुमच्या हातानं आमचं घर वाचलं...”

सेलुवायानं तोंड उघडलं. जिभेवर इतकं काही साचलं होतं की डुकरासकट सगळ्यांना फाटकाबाहेर काढायला पुरलं असतं. पण तिच्या आधीच कुणीतरी बोललं.

“नाही, आई.” एलेनोआ होती. तिचा आवाज बारीक होता, पण बायका एवढ्या गप्प होत्या की सगळ्यांना ऐकू गेला. “आत्यांनी हात ठेवलाच नाही. त्यांनी माफही केलं नाही. मी विचारलं पुन्हा, तर म्हणाल्या, माफ करायला काही झालेलंच नाही. मी त्यांना शिवी दिली होती, सगळ्यांना सांगते. पण माझ्या पोटात खडा होता. डॉक्टरनं काढला आणि मला बाटलीत घालून दाखवला. शिवी नव्हती त्यात.”

एक म्हातारी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. कालोलाइने मात्र एलेनोआकडे बघत राहिली. सेलुवायाला वाटलं, आता ही फणा काढणार. चारचौघांत सुनेनं तोंड उघडलं म्हणून आकाशपाताळ एक करणार. सेलुवाया कंबर कसून बसली.

“केवढा होता?” कालोलाइनेनं विचारलं.

“काय?”

“खडा.”

“वाटाण्याएवढे. दोन होते, आणि बारीक खूप.”

“आणि दुखायचं ते जेवल्यावर? इथं?” कालोलाइनेनं आपल्या बरगडीखाली बोट टेकवलं. “मग मागे, पाठीत? खांद्यापर्यंत?”

“हो.”

कालोलाइनेचं बोट तिथंच राहिलं. 

“माझं फिनाऊच्या वेळेपासून दुखतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझी आत्या. तिच्याशी मी भांडले होते, लग्नात. मग ती गेली. हात ठेवायच्या आधीच गेली. मी तिच्या थडग्यावर जाऊन हात जोडले, दर वर्षी फुलं ठेवते. पण मेलेलं माणूस कसं माफ करणार? म्हटलं, माझं आता हे असंच. निदान पोरीची आत्या जिवंत आहे, तिची तरी सुटका होऊ दे. म्हणून तुम्हाला फोन केला हो विहीणबाई.” तिनं डोळे वर केले. “मी कुणाकडे जाऊ?”

 एलेनोआच्या कडेवरची मुलगी कुरकुरली. सेलुवायानं इतके आठवडे जो राग सांभाळून, पाणी घालून वाढवला होता, तो घेऊन ती समोर बसली होती आणि तो टाकायचा कुणावर ते तिला कळेना. ह्या बाईवर? फिनाऊ तर आता दाढीचा बाप्या झालाय! तेव्हापासून ही जेवतेय आणि दुखवून घेतेय, आणि मेलेल्या बाईला फुलं वाहतेय.

मग तो राग आलाच, पहिल्यापेक्षा दुप्पट. तिनं उठून कालोलाइनेचा दंड धरला.

“ऊठ! तुझी आत्या मेली असेल, डॉक्टर जिवंत आहे. ऊठ म्हणते ना! आणि तुम्ही बाकीच्या काय बघताय? कुणाकुणाला दुखतंय ते आत्ताच बोला, गाडीत जागा आहे.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या दोघी, एकमेकींच्या नजरा चुकवत, उठून उभ्या राहिल्या.